मामाचे पाय

बाबांचे, चंपतरावांचे, गुडघे धरले म्हणून पंकज त्यांना नागपुरातल्या सदर भागातल्या एका स्पामध्ये घेऊन आला. झऱ्याचे क्षार घातलेलं गरम पाणी पायांना फार मानवतं, असं ऑफिसात कोणीतरी सांगितलं होतं. चंपतरावांनी पायजमा वर सारून टबात पाय सोडले आणि पाय चोळायला समोर बसलेल्या काजलला सवयीनं विचारलं, "गाव कोणतं वं तुहं, बाई?"

"नागपूरच, काका. मायचं माहेर उमरेडचं."

चंपतरावांनी चटका बसल्यासारखे पाय बाहेर घेतले. "मी उमरेडचाच! मंग तू त माही भाची झाली. भाचीच्या पाया पडतो आपण, तिच्या हातून पाय चोळून घेत नाही." आणि ओल्या पायांनी उभं राहून त्यांनी खरोखरच वाकून तिला नमस्कार केला.

पंकजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काहून असं करून राहिले, बाबा? कामच आहे तिचं ते."

पण पाय काही परत पाण्यात जाईनात. शेवटी काजलनं आपलं स्टूल पंकजकडे सरकवलं. "मंग तुम्हीच बसा, दादा. मी सांगते कसं चोळायचं ते."

पंकजनं मोबाइल खिशात टाकला आणि बाह्या सारल्या. जन्मभर हातमाग चालवून दगड झालेल्या त्या टाचा त्यानं कधी नीट पाहिल्याही नव्हत्या.

बऱ्याच वेळानं काजल म्हणाली, "मामा, पाणी थंडं झालं. बदलून देऊ?"

चंपतरावांनी डोळेही उघडले नाहीत. "राहू दे वं, माय. पाणी बदलायच्या नादात पोरगा हात काढून घेईन."