राखून ठेवलेली मेमरी

डेटाबेस चौथ्यांदा बंद पडला तेव्हा दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. आगाराच्या खिडकीसमोर दुसऱ्या पाळीचे साठ-सत्तर चालक आणि वाहक ड्युटीच्या चिठ्ठ्यांसाठी ताटकळत होते. कुठली बस, कुठला मार्ग, कोणाबरोबर कोण, सगळं त्या एका सर्व्हरच्या पोटात. आणि शाळा सुटायला जेमतेम तास उरला होता.

सर्व्हरची खोली जिन्याखाली होती. इंजिनियर तिथे घामाघूम होऊन बसला होता. आगारप्रमुख बाई स्वतः खाली येऊन दारात उभ्या राहिल्या आणि नेमकं काय होतंय ते सोप्या भाषेत सांगा म्हणाल्या.

इंजिनियरने सांगितलं. मशीनमध्ये चौसष्ट जीबी मेमरी आहे, पण त्यातली बत्तीस कोणीतरी राखीव करून ठेवली आहे. तिला दुसऱ्या कशालाच हात लावता येत नाही. उरलेल्या अर्ध्यात सगळ्यांची चेंगराचेंगरी होते, आणि मेमरी संपली की मशीन सगळ्यात मोठ्या खादाडाला, म्हणजे डेटाबेसलाच, बंद करून टाकतं. ती राखीव मेमरी सोडवायला जावं तर आणखी काय कोसळेल याचा भरवसा नाही.

"हे सगळं काकांच्या वेळचं आहे, मॅडम," तो म्हणाला. "अर्धं घर कुलूप लावून ठेवायचं आणि माणसांना व्हरांड्यात झोपवायचं. कोणत्या शहाण्याला सुचलं असेल?"

काका म्हणजे त्याच्या आधीचे इंजिनियर. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. या तीन वर्षांत प्रिंटर अडला तरी काका, घड्याळ मागे पडलं तरी काका. समोर नसलेल्या माणसावर ढकललं की ते कोणाला टोचत नाही, हे त्याला पहिल्याच महिन्यात उमगलं होतं. आणि आता तर त्याचा करार संपत आला होता. यंदा कायम करणार, असं परवाच तो बायकोला छातीठोकपणे सांगून बसला होता.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग काकांनाच बोलवू," असं म्हणून त्यांनी तिथूनच फोन लावला.

हे मात्र इंजिनियरच्या हिशेबात नव्हतं.

काका दोन थांब्यांवर राहत. वीस मिनिटांत आले, हातात भाजीची पिशवी तशीच. खुर्ची त्यांनी घेतली नाही, स्टूल ओढलं. आधी राखीव मेमरी किती आहे ते बघितलं. बत्तीस. मग त्यातली वापरात किती आहे ते बघितलं. शून्य.

"ही मेमरी म्हणजे डेटाबेससाठीच राखलेली खोली," ते म्हणाले, "पण त्याला आत जा म्हणून सांगणारी ओळ बंद आहे. म्हणून तो बिचारा बाहेरच्यांत धक्के खातोय. ही ओळ कोणी बंद केली?"

सेटिंगच्या फाइलमधल्या प्रत्येक बदलाची नोंद राहत असे. इंजिनियरने ती उघडली आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार. त्या दिवशी डेटाबेसची नवी आवृत्ती बसवताना त्याने जुनी फाइल न वाचताच तिच्या जागी नवी टाकली होती. नव्या फाइलमध्ये ती ओळ बंदच होती. तेव्हा सुट्ट्या होत्या, निम्म्या बस धावत होत्या, म्हणून निभावलं. परवा शाळा उघडल्या. बदल करणाऱ्याच्या रकान्यात त्याचंच नाव होतं.

काकांनी ते वाचलं. चष्मा सारखा केला आणि एवढंच म्हणाले, "चालू करा."

त्याने ओळ चालू केली, डेटाबेस सुरू केला. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग वरच्या मजल्यावर प्रिंटर खडखडला आणि चिठ्ठ्या भराभर बाहेर पडू लागल्या. खिडकीपाशी कोणीतरी शीळ घातली. अडीचच्या गाड्या पावणेतीनला का होईना, फाटकाबाहेर पडल्या.

बाई पुन्हा खाली आल्या. काय निघालं, असं त्यांनी विचारलं.

"माझ्याच वेळची भानगड होती, बाई," काका पिशवी उचलत म्हणाले. "राहून गेली होती. आता केली नीट."

बाईंनी मान डोलावली, आभार मानले आणि वर गेल्या.

फाटकापर्यंत इंजिनियर काकांच्या मागे मागे गेला. तुम्ही असं का सांगितलंत, असं त्याने विचारलं. काका हसले. तीन वर्षांत माझ्या नावावर इतकं जमलंय, त्यात आणखी एकाने काय फरक पडतो, म्हणाले. तुम्ही अजून कायम व्हायचे आहात, माझी नोकरी आटोपलीय. एवढ्यात त्यांची बस आली. चालकाने त्यांना बघून हात जोडले, आणि बस गेली.

इंजिनियर तिथेच उभा राहिला. झालं ते बरंच झालं होतं. कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. तो खोलीपर्यंत परत आला, कडीला हात घातला, मग वळला आणि जिना चढून थेट बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. टेबलावर त्यालाच कायम करण्याचा कागद होता, अजून सही न झालेला. पण आता मागे फिरणं शक्य नव्हतं.

"मॅडम, चूक काकांची नव्हती. ती ओळ मी बंद केली होती."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "ती मेमरी काकांनी राखलीच नव्हती, मग भानगड त्यांच्या वेळची कशी असेल? मी राखली होती. काकांच्या आधी जिन्याखालच्या त्या खोलीत मी बसायचे."

इंजिनियरला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाईंनी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि सही करता करता त्या हसल्या.

"काकांनी माझ्या नावाने पाच वर्षं खडे फोडले आणि मग एक दिवस असेच समोर येऊन उभे राहिले. तुम्ही तर तीनच वर्षांत आलात."