चार वाजताचं यान

चार वाजले तेव्हा ती गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती. इस्पितळाच्या धुलाईघरात सकाळपासून चादरींना इस्त्री करून पोटऱ्यांना गोळे आले होते. मांडीवर जाडजूड पुस्तक, कानाशी फोन.

"बोला काका. कुठे थांबलो होतो आपण?"

"यान रुसलं होतं," पलीकडून म्हातारा म्हणाला. "स्वयंपाक्याने त्याला डबडं म्हटलं म्हणून."

अंधांना फोनवरून पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या एका संस्थेचं हे काम ती हौसेने करायची. वाचणाऱ्याने नाव सांगायचं नाही, असा तिथला नियम. ऐकणारे तिला नुसतं ताई म्हणत. या काकांनी तर सगळ्या वाचकांचे आवाज ऐकून तिलाच निवडलं होतं, असं संस्थेच्या बाई सांगत होत्या.

पहिल्या दिवशी त्यांनी "हॅलो" म्हटलं आणि तिच्या हातातलं पुस्तक गळून पडलं. ते तिचे वडील होते.

अकरा वर्षांपूर्वी ती नवऱ्याला सोडून माहेरी आली, तेव्हा याच आवाजाने सांगितलं होतं, "मला तुझं तोंड बघायचं नाही." ती आल्या पावली जिना उतरली होती. आणि आता जन्मभर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या या माणसाचे डोळे गेले, तरी तिला कुणी कळवलंही नव्हतं.

सांगून टाकावं, असं रोज वाटायचं. पण त्यांनी फोन ठेवून दिला तर? धुलाईघराच्या वाफेने तिचा आवाज पार घोगरा झाला होता, तो त्यांनी ओळखला नव्हता. मग ती ताईच राहिली. बाबांना काका म्हणताना आठवडाभर जीभ अडखळली, पुढे तीही सरावली.

पुस्तक मात्र गमतीचं होतं. भंगारात निघालेलं एक मालवाहू अवकाशयान. त्याला मन होतं, आणि तोंडही भरपूर. जगाने टाकून दिलेली चार माणसं त्याने पोटात घेतली होती. ओले मोजे कुठेही टाकले की ते करवादायचं, आणि झोपायच्या आधी सगळ्यांचे बिछाने गरम करून ठेवायचं. लढाई नाही की मारामारी नाही. सूप कुणी ढवळायचं, यावर दोन पानं भांडण. फोनच्या दोन टोकांना दोन दमलेली माणसं हसायची. तेवढा अर्धा तास तिचे पाय दुखायचे नाहीत.

सहाव्या प्रकरणात यानाचा मेकॅनिक भांडून निघून जातो. कितीतरी वर्षांनी परत येतो, तर यानाने त्याचा बिछाना रोज गरम ठेवलेला असतो. हे प्रकरण काकांनी तीनदा वाचून घेतलं.

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "ताई, चूक कुणाची होती, तुम्हाला काय वाटतं?"

"थकले होते हो दोघंही," ती म्हणाली.

"हं. वाचा पुढे," ते म्हणाले.

पुस्तक संपत आलं होतं. सोमवारी त्यांनी फोन उचलला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी धुलाईघरातली पाळी संपल्यावर ती घरी न जाता थेट बाबांकडे गेली. तीन मजले चढताना दोनदा कठड्याला टेकली.

दार नुसतं लोटलेलं होतं. ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, अंगावर शाल, शेजारी औषधाची बाटली, भिंग आणि उघडलेलं मनगटी घड्याळ. तापाने गाल बसले होते. तिने ठरवलं, संस्थेकडून आले म्हणायचं. पाणी द्यायचं, डोळे भरून बघून घ्यायचं आणि निघायचं. त्यांना कळणारही नाही. तिने चप्पल काढली, आवाज न करता.

त्यांनी मान वळवली.

"केस फारच पिकले गं तुझे," ते म्हणाले.