अल्बमवरचा ड्रमर

बँडचा गायक नाक मुठीत धरून तिच्या दारात उभा होता. मेहुण्याला जमत नाहीये, म्हणाला. स्टुडिओ घेतलाय, गाणी तयार आहेत, गिटार तयार आहेत, पण ड्रम ऐकले की जांभया येतात.

तिला आतून गुदगुल्या होत होत्या, पण तिनं चेहरा कोरा ठेवला. हा बँड या दोघांनीच उभा केला होता, तिच्या वडिलांच्या गॅरेजमध्ये, ऑइलच्या डब्यांच्या गर्दीत. संगीत मेटलच, पण नुसतं पळत सुटणारं नव्हे. ठोका किंचित मागे ओढून धरायचा, म्हणजे ऐकणाऱ्याची मान आपोआप हलायला लागते. ड्रमवरचं ते ओढून धरणं तिचं होतं. मग गायकाचं लग्न झालं, बायकोच्या भावानं नवाकोरा ड्रमसेट घेतला आणि एका सकाळी हिला मेसेज आला, की आता जरा नवं रक्त हवंय. मेसेज! समोर येऊन सांगायची हिंमत नव्हती मेल्याला.

आता तोच म्हणत होता, अल्बमपुरतं तू वाजव. फक्त नाव मेहुण्याचं राहील, नाहीतर बायको घरात घेणार नाही.

“बरं,” ती म्हणाली. “पण मी वाजवेन ते जसंच्या तसं राहील. त्यातला एक ठोकाही कापायचा नाही.”

त्यानं तिचे हातच धरले. तिची बहीण मात्र भडकली. स्वाभिमान काय विकून खाल्लास का, असं तोंडावर विचारलं तिनं. हिनं गॅरेजचं शटर खाली ओढलं आणि बसली सरावाला.

स्टुडिओत ती वाजवायला लागली आणि काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट खुर्चीतून उठलाच. हात एक हिशेब मांडत होते, पाय दुसराच, आणि पडायचं तिथे दोन्ही बरोबर एकत्र पडत होते. गायक तर वेडा झाला. प्रत्येक गाण्याला अजून दे, अजून दे म्हणत राहिला. तिनं दिलं. हातचं राखून काही ठेवलं नाही. त्या मेसेजचा सगळा राग ड्रमवर काढला. मेहुणा कोपऱ्यात बसून बघत होता. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडत चालला होता, पण त्याच्याकडे बघायला सवड कुणाला होती!

अल्बम आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. त्यातही ड्रम. मेहुण्याचे फोटो झळकले, मुलाखती झाल्या, दौऱ्याची तिकिटं हातोहात खपली. बहीण दातओठ खात होती. ही निवांत.

मग दौऱ्याचा सराव सुरू झाला आणि गायक पुन्हा दारात. या वेळी त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मेहुण्याला एकही गाणं पुरं वाजवता येत नव्हतं. सोपं करून बघितलं, तर गाण्यातला जीवच गेला. दुसरे ड्रमर बोलावले, त्यांनी अल्बम ऐकून हात जोडले. आणि पहिला कार्यक्रम तोंडावर आला होता.

“त्याला काढतो मी,” तो म्हणाला. “बायको काय बोलायचं ते बोलेल. तुझी जागा तुला परत. ये ना.”

हेच ऐकायला तिचे कान आसुसले होते. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“छे, त्याला कसा काढतोस?” ती शांतपणे म्हणाली. “लोक त्यालाच ऐकायला येतायत.”