टेकडीवरची जागा

रात्री वारलेल्या सायरा-आपाला गावच्या कबरस्तानात जागा मिळणार नाही, असा मुल्लाचा निरोप सकाळीच आला. म्हातारी येशूची झाली होती, आता येशूनंच तिची सोय बघावी.

कुबानिचच्या घरी प्रार्थनेला जमणारी मंडळी त्याच्या तोंडाकडे बघू लागली. पडदे ओढून, दबक्या आवाजात, ही मंडळी त्यानंच इतकी वर्षं सांभाळली होती. तो म्हणाला, वाद नको, आपण तिला शहरात नेऊ. तिथल्या रशियन कबरस्तानात कोणी विचारत नाही.

"तिचा नवरा इथल्या मातीत आहे," बुरुलाय म्हणाली. "ती परक्यांत कशाला पडेल?"

बुरुलायचा बाप्तिस्मा होऊन वर्षही झालं नव्हतं. तिनं गोठ्यातलं फावडं उचललं आणि कबरस्तानाच्या टेकडीच्या वाटेला लागली. त्या टेकडीवर बायका कधी जात नाहीत. आपली बायको नाझगुल तरी तिला अडवेल, असं कुबानिचला वाटलं. पण नाझगुलनं स्वतःची लोकरी शाल काढली आणि धावत जाऊन बुरुलायच्या खांद्यावर टाकली. आपल्याकडे नाझगुलनं अशा नजरेनं कधी बघितलं होतं, ते त्याला आठवेना.

गावकरी बुरुलायला हाकलून देऊ देत, असं त्यानं देवाकडे मागितलं. मागून झाल्यावर तो स्वतःच दचकला.

दुपारी गावातले सगळ्यांत वडीलधारे, उस्मान-आता, यांचा निरोप आला, म्हातारीला घेऊन या. त्यांच्या शब्दापुढे मुल्लाचंही चालत नसे. कुबानिच पुरुषांसह म्हातारीला घेऊन वर पोचला, तेव्हा उस्मान-आतांची मुलं कबर खणत होती आणि बुरुलाय बाजूला दम खात बसली होती.

"गोठलेल्या मातीशी बाई झगडतेय, हे मला बघवेना," उस्मान-आता त्याला म्हणाले. "तू कुठं होतास?"



माती लोटून झाली. तुमच्यात जे म्हणतात ते म्हणा, असं उस्मान-आतांनी सांगितलं. सगळ्या माना बुरुलायकडे वळल्या.

"आमचे वडीलधारे हे आहेत," ती कुबानिचकडे बघून म्हणाली.

इतकी वर्षं त्याची असलेली जागा तिनं त्याला देऊन टाकली.

त्यानं प्रार्थना म्हटली. कुठं अडखळला नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, त्याचे उघडे. बुरुलायचे तळवे सोलवटले होते, रक्तात माती कालवली होती. तो तेच बघत राहिला, आणि आपले हात त्यानं कोटाच्या बाह्यांत आत ओढून घेतले.