गेलं ते गेलं

महापुरात घर पडलं आणि वार्ताहरानं मगदूमकाकूंपुढं माईक धरला, तेव्हा त्या एवढंच बोलल्या, "गेलं ते गेलं, च्या घ्या की!" त्याचं मीम झालं. कुणाचा संघ हरला, कुणाचं लग्न मोडलं, की काकूंचा चेहरा मोबाईलवर फिरायचा. पुढं त्यावर गाणं निघालं, टी-शर्टही निघाले.

बाजारात लोक अडवायचे. "काकू, एकदा म्हणा की!" त्या म्हणायच्या, सेल्फीत हसायच्या आणि दमून घरी यायच्या.

एकदा कॉलेजातल्या एका मुलीनं मोबाईल काढलाच नाही. तिनं विचारलं, "पण काकू, तुमचं गेलं काय होतं?"

काकू भाजीची पिशवी टेकवून देवळाच्या पायरीवर बसल्या.

"म्हैस गं. दावणीला होती. पाणी चढत होतं, ती हंबरत होती. दावं सोडायला मला पोचताच आलं नाही."