दरीतलं गाव

स्वयंपाकघराच्या टेबलावर नकाशा पसरून दोघी मैत्रिणी उन्हाळ्यातली वाट आखत होत्या. स्कॉटलंडच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत फ्लोरा चालत जाणार होती, कर्स्टी सायकलवर, आणि रोजचा मुक्काम एकत्र. दरीतल्या गावाशी आल्यावर फ्लोराची पेन्सिल पुन्हा डोंगराकडे वळली.

“अगं, खाली सरळ रस्ता आहे, खानावळ आहे. मला सायकलसकट कड्यावर कशाला चढवतेस?”

“खाली चिलटं फार चावतात.”

“आणि वरची काय उपास करतात?” कर्स्टीनं हसत गावातून सरळ रेघ मारली.

फ्लोराचा चेहरा पांढराफटक पडला. हात आपसूक आपल्या एकदा मोडून सांधलेल्या मनगटाकडे गेला.

“डंकन तिथे राहतो,” ती कशीबशी म्हणाली.

“तुझा नवरा? तो तर कॅनडाला गेला म्हणाली होतीस!”

“असं म्हटलं की मला झोप लागते.”

कर्स्टीचं हसू मावळलं. ती आपली रेघ खोडू लागली. तोच फ्लोरानं तिचा हात धरला.

“राहू दे. गावातूनच जाऊ. फक्त तेवढ्यापुरती तू सायकलवरून उतर, आणि माझ्या बाजूनं चाल.”