टेकू

"मामा, टेकूला रंग कोणी लावला?"

मोठ्या बाईंचा आवाज ऐकून शिपाईमामांच्या हातातला ब्रशच गळून पडला. चौथीच्या वर्गाचं छत एका लाकडी टेकूवर उभं होतं. तात्पुरता म्हणून लावला होता तो. तेव्हा बाई नोकरीत नव्या होत्या. आता त्यांची निवृत्ती जवळ आली होती.

"साहेब येणार म्हणून..." मामा पुटपुटले.

"अहो, साहेब टेकूच बघायला येतायत! खरवडा तो रंग आधी!"

मामांचं तरी काय चुकलं? साहेब येणार म्हटलं की रंगरंगोटी करायची, शेजारच्या शाळेतून खुर्च्या उसन्या आणायच्या, ही आजवरची रीतच. पण आजची गोष्ट वेगळी होती. सरकारी शाळांच्या दुरुस्तीचा निधी काढून खाजगी शाळांना द्यायचा, असं विधेयक सभागृहात आलं होतं. ते मंजूर झालं की या वर्गाला कुलूपच. बाईंनी मोर्चे काढले, कार्यालयांचे उंबरे झिजवले. "एकदा डोळ्यांनी बघून जा हो," असं सांगून सांगून घसा बसला, तेव्हा कुठे विधेयक तपासणारी समिती यायला तयार झाली.

त्यात समितीचा अध्यक्ष निघाला बाईंचाच विद्यार्थी! टेकूआड लपून भर तासाला डबा खायचा, म्हणून पोरं त्यालाच टेकू म्हणायची. बाईंना हुरूप आला. "त्याला काय पटवायचंय? याच छताचं प्लास्टर त्याच्या डोक्यात पडलं होतं," त्या मामांना म्हणाल्या. उसन्या खुर्च्या त्यांनी आल्या पावली परत पाठवल्या.

समिती आली. मागोमाग कॅमेरेवाले आले. वर्गात पाऊल पडतंय तोच वरून भुसभुशीत चुना झरला. दोन सदस्य चटकन दाराकडे सरकले. शाब्बास रे छता, बाई मनात म्हणाल्या.

अध्यक्षांनी टेकूवर हात ठेवला. मुलांकडे बघून गोड हसले.

"काय बाळांनो, शाळेत काही त्रास आहे का?"

सगळा वर्ग खाडकन उभा राहिला. हात सरळ, माना ताठ.

"नाही साहेब! आमची शाळा छान आहे!"

दर तपासणीच्या आधी हे वाक्य बाईंनीच घोटून घेतलं होतं. रंग खरवडला, खुर्च्या गेल्या, पण हे मुलांच्या तोंडून काढायचं राहूनच गेलं.

"अरे, घाबरू नका. खरं ते सांगा!" बाई म्हणाल्या.

आवाज कमी पडला असं मुलांना वाटलं. त्यांनी बेंबीच्या देठापासून पुन्हा सांगितलं.

"लहान मुलं खोटं बोलत नाहीत," अध्यक्ष कॅमेऱ्यांना म्हणाले. "निधीवाचून शाळा छान चालते, याला आणखी पुरावा कशाला?"

सदस्यांनी माना डोलावल्या आणि सगळे लगबगीने बाहेर पडले. बाई धावत गाडीपाशी गेल्या.

"टेकू, तू तरी खरं बोल रे! तुझ्या डोक्याला टाके पडले होते. छान होती का शाळा?"

कॅमेरे वळले. अध्यक्षांनी खांद्यावरचा चुना झटकला. हात सरळ केले, मान ताठ केली.

"हो बाई! आमची शाळा छान आहे!"

सगळे हसले. कॅमेरे खाली गेले. मग गाडीत बसता बसता ते हळूच म्हणाले, "तेव्हाही साहेब आले होते, बाई. मी डोक्याला पट्टी बांधून हेच म्हटलं, आणि तुम्ही माझी पाठ थोपटली होतीत."